टीबीएल, लेक्चर आणि ‘पुढचा टॉपिक तुम्हीच घ्या’ : एमबीबीएसच्या शिकवणीचा रिव्ह्यू

नीटचा निकाल लागून कॅप राउंडच्या याद्या यायला लागल्या की गावाकडून फोन सुरू होतात. “ताई, तुमच्या कॉलेजात शिकवतात का हो?” हॉस्टेल कसं, मेस कशी, बॉण्ड किती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शिकवतात कसं, हे मात्र कुणी सविस्तर सांगत नाही. खरं तर साडेचार वर्षं फी भरून, झोप मोडून आपण घेतो ती सेवा हीच. म्हणून तिचाच रिव्ह्यू लिहितेय.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सध्या इंटर्नशिप करतेय. कॉलेजचं नाव देत नाही. पुढे काही तासांबद्दल कडक लिहिलंय आणि ज्या शिक्षकांनी जीव ओतून शिकवलं, त्यांच्यावर त्याचे शिंतोडे उडायला नकोत.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या तासाला शिक्षकांची तयारी जास्त होती तिथं मला जास्त आलं, मग तो तास लेक्चरचा असो की गटचर्चेचा. पण तयारी दोन्हीकडे सारखीच चांगली असेल, तर ज्या तासाला मला स्वतः उत्तर द्यावं लागलं, ते चुकलं आणि त्यावर शेजारच्याशी भांडावं लागलं, तोच तास आज कॅज्युअल्टीत उपयोगी पडतोय. आणि गंमत सोडा, पण हेच तास माझ्या वर्गाला सगळ्यात कमी आवडायचे. हा विरोधाभास नीट समजून घेतला नाही तर जुनं आणि नवं या दोन्ही बाजूंवर अन्याय होतो.

थोडी पार्श्वभूमी, नव्याने येणाऱ्यांसाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून देशभर सीबीएमई, म्हणजे कॉम्पिटन्सी बेस्ड मेडिकल एज्युकेशन, लागू झालं. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं, यावर अभ्यासक्रम बांधायचा, अशी ही रचना. त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की लेक्चरं एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत, बाकीचा वेळ चर्चा, प्रॅक्टिकल आणि वॉर्डातल्या क्लिनिक्ससाठी. २०२० मध्ये कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं, पण ही दिशा तीच राहिली. त्यामुळे तुमच्या टाइमटेबलवर एसजीडी (लहान गटातली चर्चा), एसडीएल (स्वतःचं स्वतः शिकणं), ईसीई (पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख), एटकॉम (वागणूक, नीती आणि संवाद) अशी अक्षरं दिसतील. अक्षरं सगळीकडे तीच असतात, त्यांच्यामागे घडतं ते मात्र विभागागणिक बदलतं.

आधी लेक्चर. लेक्चरला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं लेक्चर फार्माकॉलॉजीचं होतं, विषय अल्फा ब्लॉकर्स, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं. मॅडमनी पहिली स्लाइड लावलीच नाही. त्यांनी सुरुवात केली लाल विंचवापासून. कोकणात विंचू चावला की माणूस आधी घामाने निथळतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि मग फुप्फुसात पाणी भरून तो दगावतो. शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, १९८६ मध्ये त्यावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि ब्लड प्रेशरसाठीची एक साधी गोळी विंचूदंशावरचा मुख्य उपचार होऊन बसली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी फळ्यावर अल्फा वन रिसेप्टर काढला आणि प्राझोसिन नेमकं कुठे जाऊन बसतं ते दाखवलं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या तासाला मी एक ओळ लिहून घेतली नाही आणि आजही मला अल्फा ब्लॉकर्स येतात.

असं लेक्चर कुठल्याही गटचर्चेच्या तोडीचं आहे. ते पुस्तकात मिळत नाही, ॲपवरही मिळत नाही, कारण त्यात एका माणसाने कित्येक वर्षं त्या विषयावर केलेला विचार असतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने २०१६ मध्ये जाहीर केलं होतं की २०१९ पर्यंत लेक्चर हा प्रकारच बंद करू. मला ते टोकाचं वाटतं. त्या मॅडमचं लेक्चर बंद झालं असतं तर माझं नुकसानच झालं असतं.

पण नेहमीचं लेक्चर असं नसतं, हेही तितकंच खरं. नेहमीचं लेक्चर म्हणजे दुपारी दोनचा तास, पडदे ओढलेले, दीडशे मुलं, मागच्या चार रांगांत माइकचा आवाज नीट पोचत नाही आणि स्लाइडवर पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा. थिअरीला ७५ टक्के हजेरी लागते म्हणून सगळे हजर. शेवटी “समजलं का?” आणि एका सुरात “हो सर”. हा “हो सर” खोटा नसतो, हे मला मुद्दाम सांगायचंय. समोरच्याने सुसूत्र सांगितलं की ऐकणाऱ्याला खरंच वाटतं, आपल्याला आलं. फक्त ते आलंय की नाही हे त्या तासात कुणी तपासलेलं नसतं.

आता टीबीएल. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी विभागाने काही टॉपिक या पद्धतीने घेतले, आणि या रिव्ह्यूतला माझा सगळ्यात जास्त जीव याच्यावर आहे, म्हणून सविस्तर सांगते.

टीम बेस्ड लर्निंग ही पद्धत लॅरी मायकलसन या प्राध्यापकांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात सुरू केली. ते मेडिकलचे नव्हते, व्यवस्थापन शिकवायचे. वर्गातली मुलं एकाएकी वाढली आणि चर्चा घेणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी हा मार्ग काढला. म्हणूनच ती आपल्या दीडशे-दोनशेच्या वर्गाला लागू पडते. तिच्याआधीची प्रसिद्ध पद्धत म्हणजे पीबीएल, प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग. ती कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. तिथे सात-आठ मुलांमागे एक शिक्षक बसतो. आमच्याकडे विभागात जेवढे शिक्षक आहेत तेवढे सगळे बसवले तरी निम्मा वर्गही पुरा होणार नाही. टीबीएलमध्ये एकच शिक्षक सगळे गट चालवू शकतो, अट एवढीच की त्याने आधी घरी भरपूर काम केलेलं असलं पाहिजे.

तास असा चालतो. काही दिवस आधी वाचायला मजकूर मिळतो, मोजकी पानं. तासाला आल्या आल्या दहा एमसीक्यूंची, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांची, छोटी परीक्षा, एकट्याने, पुस्तक बंद. कागद गोळा झाले की तीच परीक्षा पुन्हा, पण आता सहा जणांच्या गटाने मिळून एकच उत्तर द्यायचं. गट विभागानेच पाडलेले आणि सत्रभर कायम, त्यामुळे मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र बसण्याची सोय नाही. उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळतं. एखादं उत्तर विभागाचंच चुकीचं वाटलं तर पुस्तकाचा आधार दाखवून लेखी हरकत घेता येते. मग जिथे बहुतेक गट अडले असतील तेवढाच भाग मॅडम दहा-पंधरा मिनिटांत समजावतात. आणि त्यानंतर खरा भाग: एक रुग्ण, चार पर्याय, सगळ्या गटांना तोच प्रश्न, आणि सगळ्यांनी एकाच वेळी कार्ड वर करायचं. ए लाल, बी हिरवं, सी पिवळं, डी निळं.

ऑर्गॅनोफॉस्फरस, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकाच्या विषबाधेचा तास मला लख्ख आठवतो. हा विषय आपल्याकडे पुस्तकी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी फवारणीचा पंप आहे. तर प्रश्न असा होता: शेतात फवारणी करून आलेला माणूस, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत दोन्हीकडे क्रेप्ट्स, म्हणजे पाणी साचल्याचे आवाज. अॅट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या मुख्य औषधाचा, पहिला डोस देऊन पाच मिनिटं झालीत. आता पल्स ११८, छाती अजून ओलीच. पुढे काय? अॅट्रोपिन थांबवायचं कारण पल्स वाढली. डोस दुप्पट करून पुन्हा द्यायचा. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत तोच डोस देत राहायचं. की अॅट्रोपिन बंद करून फक्त पॅम हा दुसरा उतारा द्यायचा?

कार्डं वर झाली तेव्हा वर्गात चारही रंग होते. आमच्या गटाने लाल दाखवलं होतं, कारण गटातल्या सगळ्यात हुशार मुलाचं म्हणणं होतं की अॅट्रोपिनने पल्स वाढते, म्हणजे पुरेसं झालं. मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. लाल गटातल्या एकाला उभं केलं, मग हिरव्यातल्या एकाला, आणि दोघांना एकमेकांना पटवायला लावलं. हिरव्या गटातली एक मुलगी, एरवी वर्गात कधीही न बोलणारी, म्हणाली, “मॅडम, तो पल्समुळे मरत नाही, छातीतल्या पाण्यामुळे मरतो. छाती कोरडी होईपर्यंत द्यायलाच पाहिजे.” तिथून वाद पेटला. ऑक्सिजन कमी पडल्यानेही पल्स वाढते, बाहुल्या उशिरा मोठ्या होतात आणि डोळ्यात औषध उडालं असेल तर त्यांच्यावर विसंबताच येत नाही, अॅट्रोपिन फक्त मस्करिनिक रिसेप्टरवर चालतं म्हणून स्नायूंची थरथर आणि दुबळेपणा त्याने जाणारच नाही, हे सगळं मुलांच्याच तोंडून निघालं. मॅडमनी शेवटी पाच मिनिटांत बांधून दिलं: छाती साफ, काख कोरडी, पल्स ८० च्या वर, सिस्टोलिक (वरचं ब्लड प्रेशर) ८० च्या वर, बाहुल्या टाचणीएवढ्या राहिलेल्या नाहीत. तोपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. आणि ताप, बडबड, पोटात आवाज नाही, लघवी अडली, असं दिसलं तर जास्त झालं.

इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला असताना असाच रुग्ण आला. अॅट्रोपिनचे अॅम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचे, पहिले तीन गेले होते, मग सहा. रेसिडेंट इंट्युबेशनच्या, म्हणजे श्वासनळीत नळी घालायच्या तयारीत. माझ्यासोबतच्या को-इंटर्नने मॉनिटर बघून विचारलं, “पल्स १३० झालीये, थांबवू?” मी काही आठवायला गेले नाही. स्टेथो छातीवर ठेवला, क्रेप्ट्स होते, आणि मी म्हणाले, “छाती ओली आहे, पुढचे बारा भर.” रेसिडेंटने मान हलवली. ते लाल कार्ड डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. ज्या उत्तराविरुद्ध मी वर्गात भांडले आणि हरले, तेच उत्तर हाताला लागलेलं होतं.

आता मुलांचं म्हणणं. कारण टीबीएलच्या त्या सत्रानंतर विभागाने गूगल फॉर्मवर अभिप्राय मागवला तेव्हा वर्गाचा सूर काही गोड नव्हता. हॉस्टेलच्या कट्ट्यावर तर सरळ बोललं जायचं: “शिकवायचा पगार यांना आणि वाचायचं आपण.” “नोट्स कुठायत?” “युनिव्हर्सिटीला यातलं काय येणार?” “गटातला एकच बोलतो, बाकीचे बघत बसतात.” “चुकीचं उत्तरच लक्षात राहतं.”

या तक्रारींतल्या काही मला शंभर टक्के मान्य आहेत. वाचायचा मजकूर वेळेवर मिळायला हवा. एकदा तो रात्री साडेनऊला ग्रुपवर आला आणि तास सकाळी आठचा. दिवसभर वॉर्डात पोस्टिंग करून आलेल्या मुलाला हे करायला लावणं म्हणजे पद्धतच बदनाम करणं. परीक्षेबद्दलची तक्रारही रास्त. एमसीक्यूंना थिअरीत जास्तीत जास्त २० टक्के वजन, उरलेलं सगळं लिहायचं. ‘पॅमवर टीप लिहा’ असा प्रश्न येणार असेल तर मुलगा टीपच पाठ करणार. शिकवायची पद्धत बदलली आणि परीक्षा जुनीच ठेवली, तर मुलांनी परीक्षेचं ऐकलं म्हणून त्यांना दोष देता येत नाही.

पण “आम्हाला शिकवलंच नाही, म्हणून काही आलं नाही” ही तक्रार मला पटत नाही, आणि इथे मी माझ्याच वर्गाच्या विरोधात उभी आहे. यावर एक फार चांगला प्रयोग हार्वर्ड विद्यापीठात झालाय, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेडिकलचा नाही, फिजिक्सचा. एकाच विषयाचे दोन तास: अर्ध्या मुलांना उत्तम वक्त्याचं लेक्चर, अर्ध्यांना गटात बसून तेच गणित सोडवायला लावणं, आणि पुढच्या टॉपिकला अदलाबदल. मग दोघांची परीक्षा आणि दोघांना विचारलं, किती आलं असं वाटतं? स्वतः सोडवणाऱ्यांना परीक्षेत जास्त मार्क पडले, पण आपल्याला कमी आलं असं त्यांनाच वाटत होतं. कारण साधं आहे. अडखळताना माणसाला वाटतं आपण कच्चे आहोत, आणि छान भाषण ऐकताना वाटतं सगळं समजलं. त्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना हे समजावून सांगितलं तेव्हा मुलांचा विरोध बराच कमी झाला. आमच्याकडे हे कुणीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी थेट परीक्षा हातात ठेवली आणि मुलं बिथरली.

पाठांतराबद्दलही तसंच. रोएडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानंतर चित्र उलटं होतं: फक्त वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवतं, आणि एकदा वाचून मग स्वतःला तपासत राहिलेल्यांना ६१ टक्के. टीबीएलमधली ती सुरुवातीची दहा प्रश्नांची कटकट म्हणजे हेच. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणित-अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांची एकत्र मांडणी केली, तेव्हा लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं आणि मुलांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत २१.८. आपल्याकडे एक-एक सप्लिमेंटरी, म्हणजे नापासांची फेरपरीक्षा, बापाच्या डोक्यावर आणखी भार. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

म्हणूनच अभिप्रायाच्या फॉर्मवर माझा राग आहे. ‘सेशन आवडलं का, एक ते पाच’ हा प्रश्न तासानंतर लगेच विचारून काय कळणार? तोच प्रश्न तीन आठवड्यांनी विचारा, आणि सोबत त्या टॉपिकवरचे दोन रुग्ण द्या. मग आवड आणि येणं शेजारीशेजारी ठेवून बघा.

आता ज्याला मी शून्य तारे देईन ते: मुलांकडून घेतले जाणारे सेमिनार. कागदावर हेही ‘विद्यार्थीकेंद्रित’. प्रत्यक्षात रोल नंबर १ ते ४ ने टॉपिकचे चार तुकडे करायचे, प्रत्येकाने रात्री नेटवरून स्लाइड उचलायच्या, सकाळी त्या वाचून दाखवायच्या. बाकीचे फोनवर. शिक्षक शेवटच्या बाकावर हजेरीचा कागद घेऊन, आणि शेवटी “व्हेरी गुड, नेक्स्ट वीक रोल नंबर ५ ते ८”. एका सेमिनारमध्ये एका मुलाने डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या विषबाधेवर चुकीची माहिती सांगितली आणि कुणी दुरुस्त केली नाही. अर्ध्या वर्गाने ती वहीत उतरवून घेतली. यात मुलाचा दोष नाही. पुस्तकातला एक तुकडा घेऊन त्याला एका रात्रीत दीडशे जणांचा शिक्षक बनवलं होतं.

सामान्य लेक्चरसुद्धा यापेक्षा चांगलं, कारण तिथे निदान सांगणाऱ्याला विषय माहीत असतो. टीबीएलच्या एका तासासाठी आमच्या मॅडम रुग्णाचा एकेक शब्द तोलून प्रश्न बनवायच्या, चारही पर्याय असे ठेवायच्या की प्रत्येकाच्या बाजूने काहीतरी बोलता यावं. सेमिनारमध्ये ते सगळं काम मुलांच्या अंगावर ढकललेलं असतं. नवी पद्धत म्हणून शिक्षकाचं काम वाढलं तर ती खरी, कमी झालं तर मुलांनी तक्रार करायलाच हवी, आणि लेखी करावी.

जुन्याला जुनं म्हणून हिणवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एमबीबीएसमधल्या सगळ्यात सक्रिय शिकवण्या सगळ्यात जुन्याच आहेत. डिसेक्शन हॉलमध्ये टेबलाभोवती उभं राहून ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, स्वतः सोडवत काढणं, यात ऐकून घ्यायचं काय आहे? आणि वॉर्डातली क्लिनिक्स. विल्यम ऑस्लरने जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्यार्थ्यांना थेट रुग्णाच्या खाटेपाशी आणलं त्याला सव्वाशे वर्षं झाली. आमच्या मेडिसिनच्या एका सरांची पद्धत अशी: केस घ्यायला पाठवायचे, वीस मिनिटांनी यायचे आणि फाइलला हात लावू द्यायचे नाहीत. “काकांना काय झालंय ते काकांनी तुला सांगितलं, मला तू सांग.” धाप चालताना लागते की आडवं झाल्यावर, उशा किती घेता, रात्री उठून खिडकीशी जावं लागतं का. उत्तर चुकलं की तेच पुन्हा काकांकडे पाठवायचे. एका खाटेपाशी सहा विद्यार्थी असतील तर हा तास सोन्याचा. पंचवीस असतील तर मागचे वीस जण फक्त पुढच्यांच्या पाठी बघतात, आणि रुग्णालाही त्रास. क्लिनिक्सला पूर्ण मार्क, गर्दीला नाही.

बाकीचं थोडक्यात. स्किल लॅब उत्तम, मॅनिकिनवर, म्हणजे माणसाच्या पुतळ्यावर, सीपीआर देताना दाब कमी पडला की कळतं. पण लॅबला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे हे शोधण्यात वेळ जातो. पहिल्या वर्षातलं ईसीई मला आवडलं, अॅनिमियाचा खराखुरा रुग्ण बघितल्यावर फिजिऑलॉजीतलं हिमोग्लोबिन जवळचं वाटलं. एसडीएल म्हणजे टाइमटेबलमधला मोकळा तास, बहुतेक मेसमध्ये जातो. लॉगबुक सह्यांसाठी. पैसे भरून घ्यायच्या व्हिडिओंच्या ॲपबद्दल बरेच जण विचारतात: त्यांचे प्रश्नसंच घ्या, व्हिडिओ मात्र दीडपट वेगाने पाहिलेलं लेक्चरच असतं, त्याला सक्रिय अभ्यास समजू नका.

भाषेबद्दल मात्र थांबून बोलते, कारण याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि नंतर गावातल्या मराठी शाळेत शिकले. लेक्चरमध्ये आम्ही मराठी माध्यमाची मुलं सुरक्षित असतो, गप्प बसता येतं. चर्चेत तसं नसतं. एका विभागात एसजीडी पूर्ण इंग्रजीतूनच व्हायला हवी असा आग्रह होता. तिथे बोलणारे तेच सात-आठ, शहरातल्या इंग्रजी शाळांतले. बाकीच्यांना उत्तर येत होतं, वाक्य येत नव्हतं. शिक्षकांचा समज झाला की मुलांनी वाचलेलं नाही. फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गटात हवं त्या भाषेत भांडा, कार्ड वर केल्यावर कारण सांगताना इंग्रजी शब्द वापरायचा प्रयत्न करा. हिरवं कार्ड धरणारी ती मुलगी बोलली ती याच एका वाक्यामुळे. रुग्ण तर मराठीतच सांगणार आहे की दम लागतोय. सक्रिय पद्धत आणायची आणि भाषेचं दार लावून घ्यायचं, तर ती आधीच बोलक्या असलेल्या मुलांपुरती राहते, आणि गावाकडची मुलं लेक्चरमध्ये जितकी मागे होती त्याहून मागे पडतात. हा माझ्या अनुभवातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे.

तर नव्याने येणाऱ्यांनी काय करावं? टीबीएल असेल तर वाचून जा, न वाचता गेलात तर तो तास लेक्चरपेक्षा वाईट जातो आणि गटाचंही नुकसान होतं. गटात गप्प असणाऱ्याला नाव घेऊन विचारा, तुला काय वाटतं. सेमिनार वाट्याला आलाच तर स्लाइड वाचू नका, एक रुग्ण लिहा आणि वर्गाला चार पर्याय द्या, आम्ही तिसऱ्या वर्षी हे दोनदा केलं आणि मागच्या रांगेतली मुलंही फोन ठेवून बोलली. चांगल्या वक्त्याचं लेक्चर चुकवू नका, पण खोलीवर आल्यावर वही न उघडता पाच ओळी लिहून बघा.

आणि विभागांकडे मागणी एवढीच: वाचायचा मजकूर निदान तीन दिवस आधी, छापील, कारण हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री नेट चालत नाही. इंटर्नल्समध्ये (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांत) निम्मे प्रश्न रुग्णावरचे. स्किल लॅबची किल्ली संध्याकाळी सहापर्यंत ऑन-ड्यूटी ट्यूटरकडे. गटात मराठीला मुभा. पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये एक तास हे समजावून सांगायला, की पुढे काही तास अवघड आणि अपुरे वाटतील, आणि ते तसे का ठेवलेत.

फार्माकॉलॉजीचं टीबीएल: साडेचार तारे, अर्धा कापला तो रात्री साडेनऊच्या पीडीएफसाठी. मेडिसिनची क्लिनिक्स: पाच, बॅच लहान असेल तर. मॅडमचं विंचवाचं लेक्चर: पाच. नेहमीचं दुपारचं लेक्चर: दोन. सेमिनारबद्दल वर लिहिलंच आहे.